मांजरीमुळे रात्री अलार्म वाजत असेल तर

सोयाबीनच्या कट्ट्यांत उंदीर नको म्हणून खोलीत मांजर हवीच, आणि तिच्यापायी रात्री दोन वाजता सायरन ठणाणतो. मग कंटाळून घरचे अलार्मच बंद करून झोपतात. चोराला तेवढंच पाहिजे असतं.

१. अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा अलार्मचा सेन्सर (PIR) वर छताशी तिरपा नको. जमिनीपासून ४ फुटांवर, अगदी सरळ समोर पाहणारा लावा.

२. अलार्म टेस्ट मोडवर टाकून सेन्सरचं झाकण उघडा. पांढऱ्या भिंगावर आडव्या ओळी दिसतील. सगळ्यात वरची मोकळी ठेवून खालच्या ओळींवर आतून काळी टेप चिकटवा. आतल्या छोट्या काचेला बोट लावू नका, डाग पडतो.

३. आत ‘पल्स’ची पिन (किती वेळा हालचाल दिसली की वाजायचं ते ठरवणारी) असेल तर १ वरून २ वर घ्या.

४. समोर थप्पी ठेवू नका. मांजर कट्ट्यांवर चढली की थेट सेन्सरच्या नजरेत येते, आणि वरची सगळी मेहनत वाया. नेहमी चूक होते ती इथंच.

शेवटी स्वतः खोलीत चालून पाहा, वाजलाच पाहिजे.

सावधान: मे महिन्यात खोली अंगाइतकी तापते, तेव्हा हा सेन्सर माणसालाही चुकवू शकतो. म्हणून दाराला चुंबकाचा स्विच हवाच.