ओल्या फांदीतून चमचा कसा कोरावा

चमचा कोरायचा म्हणून वखारीतून वाळलेल्या सागवानाचा तुकडा आणू नका. वाळलेलं लाकूड सुरीला दाद देत नाही, मनगट भरून येतं आणि काम अर्ध्यावर पडून राहतं. नुकत्याच तोडलेल्या फांदीत अजून पाणी असतं, त्यामुळे ती मऊ लागते आणि ढलप्या सहज सुटतात. लाकूड ओलं आणि पातं धारदार असलं, की निम्मं काम झालं.

अशी फांदी मिळवायला झाडावर कुऱ्हाड चालवायची गरज नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या शहरांत परवानगीशिवाय झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने बंदी आहे. पावसाळ्याआधी ठिकठिकाणी फांद्या छाटतात, तेव्हा माळ्याला सांगून ठेवा. पहिल्या चमच्यासाठी शिवणीच्या झाडाची फांदी उत्तम, कारण ती हलकी असते आणि छान कोरली जाते. पेरू आणि चिकू जास्त कठीण आहेत, पण त्यांचा चमचा गुळगुळीत आणि टिकाऊ होतो. आंब्याच्या चिकाने काहींच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा जपून. कण्हेर मात्र विषारी आहे, तिला हात लावू नका. जे झाड ओळखता येत नाही, त्याचा चमचा ताटात नको.

हत्यारं थोडीच लागतात: करवत, लहान कुऱ्हाड, सरळ पात्याची छोटी सुरी आणि चमच्याची वाटी, म्हणजे खोलगट भाग, कोरायला वाकड्या पात्याची सुरी, म्हणजे हुक नाइफ. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या या कामासाठी जगभर वापरतात आणि आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. हुक नाइफ नसेल तर सुताराची गोल पटाशी चालते, पण मग लाकूड शिकंज्यात घट्ट आवळून घ्या.

साधारण ३० सेंटिमीटर लांब, मनगटापेक्षा जाड आणि बिनगाठीचा तुकडा कापा. कुऱ्हाडीचं पातं टोकावर मधोमध ठेवून वरून लाकडी दांडक्याने ठोका, तुकडा उभा दुभंगेल. आतला गाभा पूर्ण काढून टाका, वाळताना लाकूड तिथूनच तडकतं. सपाट बाजूवर पेन्सिलीने चमचा काढा आणि मान, म्हणजे वाटी आणि दांडा जुळतात ती जागा, थोडी जाडच ठेवा. मानेच्या दोन्ही बाजूंना करवतीने रेषेपर्यंत काप द्या. मग कुऱ्हाडीचा घाव त्या कापाशी थांबतो, वाटीपर्यंत चीर जात नाही. घाव घालताना तुकडा ओंडक्यावर टेकवा आणि धरलेला हात घावाच्या वर असू द्या.

आता सुरी. इथे घाई करू नका, कारण चमचा बिघडतो तो तंतूंच्या उलट कापल्यामुळे. नियम सोपा आहे: रुंद भागाकडून अरुंद भागाकडे कापायचं. वाटीच्या सगळ्यात रुंद जागेपासून एकदा टोकाकडे, एकदा मानेकडे. दांड्याकडूनही मानेकडेच उतरायचं. मानेत दोन्हीकडचे काप एकमेकांना भेटतात, तिथे पातं हलक्या हाताने थांबवा. बरोबर दिशेने कापलं की जागा चकचकीत दिसते आणि ढलपी गोल वळून पडते. पातं अडकलं, लाकूड खरखरीत फाटलं, की लगेच दिशा बदला. जोर लावणं हा त्यावर उपाय नाही.

वाटी कोरताना तंतूंना आडवे काप घ्या, कडेकडून मध्याकडे. खोली एक सेंटिमीटरच्या आसपास पुरे. आतली बाजू झाली की मगच बाहेरून पाठ उतरवा, म्हणजे चिमटीत धरून जाडी कळते. कड ३-४ मिलिमीटर राहिली की थांबा. सुरीच्या वाटेत अंगठा किंवा मांडी येऊ देऊ नका, चमचा धरलेल्या हातात जाड हातमोजा घाला. धार कमी झाल्यासारखी वाटली की चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवा. बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लावला की ती घसरते.

चमचा उन्हात ठेवू नका, तडकेल. त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत घालून सावलीत आठवडाभर राहू द्या. वाळल्यावर ताज्या धारेने सगळीकडून पातळ काप घ्या. पॉलिश पेपर वापरलात तर चमचा एकदा पाण्यात बुडवा, वाळवा, उभे राहिलेले तंतू बारीक पेपरने पुन्हा घासा.

शेवटी खाण्याचं जवसाचं तेल चोळा. हार्डवेअरच्या दुकानातलं नको, त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात. शेंगदाण्याचं तेलही नको, ते वाळत नाही आणि खवट होतं. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं, म्हणून ते मोकळं पसरून वाळवा. दोन-तीन आठवड्यांनी चमचा आमटीत घालायला तयार होतो. वापरल्यावर लगेच धुऊन पुसा, पाण्यात भिजत ठेवू नका, आणि लाकूड रुक्ष दिसायला लागलं की पुन्हा तेलाचा हात फिरवा.