तरुण घोड्यासाठी बिट निवडताना

स्वारीसाठी नवा घोडा तयार करणारी मंडळी बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो कोणते बिट (लगाम जोडण्यासाठी घोड्याच्या तोंडात बसवायची दांडी) घ्यावे हा. माझे उत्तर असे की दुकानात जाण्यापूर्वी घोड्याचे तोंड उघडून पाहावे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथे बिट जिभेवर आणि खालच्या हिरडीवर टेकते. तिथे हाडावर केवळ पातळ त्वचेचे आवरण असल्याने हाताचा थोडा ताणही घोड्याला ठळकपणे जाणवतो. शिवाय साधारण अडीच ते ५ वर्षे या वयात, म्हणजे नेमके शिक्षण चालू असताना, त्याचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात आणि नरांना सुळेही फुटतात. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढे ‘वुल्फ टूथ’ नावाचा लहानसा दात असतो, तो बिटाला अडू शकतो. म्हणून पशुवैद्याकडून दातांची तपासणी झाल्याशिवाय मी कोणत्याही घोड्याच्या तोंडात बिट घालत नाही.

रुंदी ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरीने मोजावी. सुट्या कड्यांच्या बिटात ओठ चिमटण्याची शक्यता असल्याने दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा ठेवावी. फार रुंद बिट मात्र एका बाजूला सरकते आणि त्याचा सांधा मध्यभागी राहत नाही. जाड बिट सौम्यच असते, ही समजूत मला अपुरी वाटते. दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरतो हे खरे, परंतु जीभ मांसल आणि टाळू खाली उतरलेला असेल तर जाड बिटाला तोंडात जागाच उरत नाही, आणि घोडा तोंड उघडून किंवा जीभ बिटावरून काढून ती जागा करू पाहतो.

पहिल्या बिटासाठी माझी पसंती दोन सांध्यांच्या साध्या स्नॅफलला, म्हणजे लगाम तरफेविना थेट कड्यांना जोडलेल्या बिटाला, असते. एकाच सांध्याचे बिट लगाम ओढताच मधोमध दुमडते, तर दोन सांध्यांच्या बिटाचा मधला गुळगुळीत तुकडा जिभेवर अधिक सपाट बसतो. तोंडात बिट स्थिर राहिलेले ज्याला आवडते, त्याला अंडाकृती घट्ट कड्यांचे बिट मानवते. वळणे शिकताना गोंधळणाऱ्या घोड्याला दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांचे बिट गालावरच्या दाबाने दिशा समजावते. धातूंची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. कडा गुळगुळीत असणे आणि सांधे झिजलेले नसणे हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

घोडा डोके झटकू लागला, लगामावर भार टाकू लागला किंवा हात लागताच हनुवटी छातीशी नेऊ लागला, की अधिक कडक बिट लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो तरुण घोड्याच्या बाबतीत तरी मानू नये. तरफेचे बिट, म्हणजे लगाम तोंडाखाली उतरणाऱ्या दांड्यांच्या टोकाला जोडलेले बिट, स्वाराच्या हाताचा जोर कित्येक पटींनी वाढवते, आणि दुखण्यामुळे होणारा विरोध त्याने केवळ दाबला जातो. अशा वेळी आधी दात, ओठांचे कोपरे, जीभ, पट्ट्यांची लांबी, खोगीर आणि शेवटी स्वत:चा हात तपासावा. नाकपट्टा आवळून तोंड बंद करणेही टाळावे. नाकाच्या हाडावर त्याच्याखाली दोन बोटे सहज जावीत.

बिटाची ओळख करून देताना सुरुवातीला लगाम जोडूच नये. थोडा वेळ ते तोंडात घोळवू द्यावे, आणि लाँजिंगची (घोड्याला लांब दोरीवर गोलाकार फिरवण्याची) दोरी बिटाला न बांधता कॅव्हेसनला, म्हणजे नाकावर कडी असलेल्या डोक्याच्या साजाला, बांधावी. प्रत्येक रपेटीनंतर बिट काढताच ओठांचे कोपरे आणि हिरड्या बोटाने चाचपून पाहाव्यात. लाली किंवा सूज दिसली, तर ती बरी होईपर्यंत बिट पुन्हा घालू नये.