शॉकअपमधून तेल गळतंय? नवीन सील आणायच्या आधी पाईप बघा

जुन्या बाईकच्या पुढच्या शॉकअपच्या पाईपवर तेलाची गोल ओली रेघ दिसायला लागली की सगळे एकच सांगतात, सील (पाईपभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलं, बदलून टाक. मीपण तेच केलं होतं. अख्खा दिवस घालवून दोन्ही सील बदलले, हात काळे केले, आणि पंधरा दिवसात डावीकडचा परत गळायला लागला. कारण पाईपवर गंजाचे बारीक ठिपके होते आणि ते मी बघितलेच नव्हते, नवीन रबराचा ओठ (पाईपला टेकणारी आतली कड) त्याच ठिपक्यांवर रोज शेकडो वेळा वरखाली घासला जाणार मग दुसरं काय होणार. सील स्वस्त असतं हो, पण तेच तेच काम दोनदा करणं स्वस्त नसतं.

तर सगळ्यात आधी फुकटातला उपाय. कधीकधी सील चांगलं असतं, फक्त ओठाखाली धूळ नाहीतर चिलटांचा चिकटा अडकलेला असतो आणि तिथून तेल वाट काढतं. वरचं डस्ट सील (धूळ अडवणारं रबर) पातळ स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचकटून पाईपवर वर सरकवा, आतलं सगळं पुसा, मग जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी घ्या (नसेल तर तितकंच पातळ पण चिवट प्लास्टिक), एका टोकाला आकड्यासारखी खाच कापा आणि पाईप आणि सीलच्या मधे घालून गोल फिरवत बाहेर ओढा. काळा चिखल निघाला तर नशीब चांगलं. मग पुढचा ब्रेक दाबून दहा-पंधरा वेळा शॉकअप दाबा, पुसा, दोन दिवस चालवून बघा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर मात्र याने काही होणार नाही, वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं बहुतेक तसंच असतं.

आता पाईप. नखाने सावकाश वरून खाली ओढत जा, सगळ्या बाजूंनी, मुख्य म्हणजे सील जिथे चालतं तेवढ्या पट्ट्यात. नख अडकलं की तिथे खड्डा आहे. नुसता वरवरचा गंज असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून घासा, मग २०००. घासायचं मात्र पाईपच्या भोवती आडवं, उभं नाही, उभे ओरखडे म्हणजे तेलाला वर यायला तयार पन्हाळ. खोल ठिपका असेल तर पेट्रोलने नीट पुसून त्यात इपॉक्सी भरा, रात्रभर कडक होऊ द्या आणि सकाळी पाईपच्या लेव्हलला घासून काढा. हे काही कायमचं नाही पण बरेच दिवस निभतं. क्रोमच पापुद्र्यासारखं सुटायला लागलं असेल तर इपॉक्सीच्या भानगडीत पडू नका, पाईप हार्ड क्रोम करून घ्या नाहीतर बदला. आणि पाईप वाकलाय का ते काढल्यावर सपाट काचेवर लोळवून बघा, मधे उजेड दिसला की वाकलाय, मग सील कुठलंही घाला, गळणारच.

खोलताना क्रम महत्त्वाचा आहे. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक हवेत. पण चाक काढायच्या आधीच वरच्या टीचा (हँडलखाली दोन्ही पाईप धरणाऱ्या पट्टीचा) बोल्ट ढिला करून शॉकअपचं वरचं झाकण नुसतं सैल करून घ्या, कारण खालच्या टीने पाईप घट्ट धरलेला असतो, नंतर हातात घेऊन ते सुटता सुटत नाही. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (पॅड धरणारा भाग) दोरीने बांधून ठेवा, होजवर लोंबकळत ठेवू नका आणि तोवर ब्रेकचा लिव्हर दाबू नका.

अजून एक, आणि इथे मी अर्धा तास शिव्या घालत बसलो होतो. बॉटमच्या (पाईप ज्यात वरखाली होतो त्या खालच्या नळीच्या) तळाला एक अॅलन बोल्ट असतो, तो आतल्या डॅम्पर रॉडला धरून ठेवतो. मी हुशारी करून आधी स्प्रिंग काढली, मग तो बोल्ट फिरवायला गेलो तर आतला रॉडपण बोल्टबरोबर गोल गोल फिरतोय, सुटायचं नावच नाही. स्प्रिंग आत असतानाच, शॉकअप दाबून धरून, तो बोल्ट सैल करायचा. तरी फिरलाच तर झाडूच्या दांड्याचं टोक थोडं निमुळतं तासून पाईपमधून आत ठोकून दाबून धरा, रॉड अडकतो. झाकण काढताना शेवटच्या दोन-तीन आट्यांना ते तळहाताने दाबून ठेवा, तोंड वर नेऊ नका, खाली स्प्रिंग दबलेली असते.

जुनं तेल ओता, पाईप बाहेर ओढा (काही फोर्कमधे, म्हणजे पुढच्या शॉकअपमधे, बुश (पाईपभोवतीची धातूची कडी) असतो, तिथे झटके द्यावे लागतात, त्या झटक्यांबरोबर सीलपण बाहेर येतं). त्याआधी सीलच्या वरचं तारेचं लॉक काढायला विसरू नका. साध्या फोर्कमधे सील बॉटममधेच राहतं, ते उचकटताना बॉटमच्या काठावर फडक्याची घडी ठेवा, अॅल्युमिनियमला ओरखडा पडला की नवीन सीलच्या बाहेरून गळायला लागतं. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, नवीन आणताना ते जुळवून घ्या.

नवीन सीलला तेल लावा. ज्या बाजूला ओठाभोवती बारीक गोल स्प्रिंग उघडी दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. पाईपच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळून त्यावरून सील सरकवा म्हणजे धारेने ओठ चिरत नाही. बसवायला खास हत्यार नको, पाईपवरून जाईल आणि सीलच्या कडेवर टेकेल असा पीव्हीसीचा तुकडा घ्या, मधे जुनं सील ठेवा आणि सगळीकडून सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण दिसली की सील बसलं. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवीनच घाला, नाहीतर वरची गळती बंद होऊन खालची सुरू.

तेल मात्र फोर्क ऑइलच. उरलेलं इंजिन ऑइल ओतणारे आहेत, ते जाड असतं आणि शॉकअप काठीसारखा होतो. बऱ्याच साध्या गाड्यांना १० डब्ल्यू (हा तेलाच्या जाडीचा नंबर) चालतं, काही जुन्या होंडांच्या मॅन्युअलमधे तर एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लिहिलेलं असायचं, तुमच्या मॅन्युअलमधे काय ते बघा. पूर्ण खोललेल्या शॉकअपला नुसतं तेल बदलताना लागतं त्यापेक्षा थोडं जास्त लागतं, म्हणून मिलीपेक्षा लेव्हल मोजणं बरं. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. दोन्हीकडे सारखं पाहिजे. एका बाजूचंच गळत असलं तरी सील दोन्हीकडचे बदला.

जोडताना अॅक्सलचा नट घट्ट करा पण पिंच बोल्ट (शॉकअपच्या खालच्या टोकाला अॅक्सल आवळणारा) सैल ठेवा, गाडी खाली घेऊन शॉकअप पाच-सहा वेळा दाबा आणि मगच पिंच बोल्ट आवळा, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात. तेल ब्रेक पॅडवर गेलं असेल तर पॅड धुऊन वापरू नका, नवीन घाला, आणि डिस्कला ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी पाईपवर टिश्यू पेपर फिरवून बघा. पहिल्यांदा हलकासा डाग येतो, तो बसवताना लावलेल्या तेलाचा. तिसऱ्या दिवशीही आला तर पाईपवर परत नख फिरवायला बसा.