इंडी गेम सुचवताना या चुका टाळा

तुम्ही जीव तोडून एखादा गेम सुचवता. मित्र तुमच्या शब्दाखातर विकत घेतो, अर्ध्या तासात बंद करतो आणि पुन्हा आपल्या बीजीएमआय या मोबाइल गेमकडे वळतो. बहुतेक वेळा गेममध्ये खोट नसते, सुचवण्यात असते. मोठ्या कंपन्यांच्या गेमला जाहिरातींचं बळ असतं. दोन-चार जणांनी, कधी एकट्यानेच बनवलेला गेम, म्हणजे इंडी गेम, मात्र एकाने दुसऱ्याला सांगितल्यावरच पोहोचतो. तेव्हा ते सांगणं नीट जमायला हवं.

सगळं आधीच सांगून टाकणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती करतात गेमवर खरं प्रेम करणारीच माणसं.

लुकास पोपचा २०१८ मधला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ घ्या. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात परत येतं. आत जिवंत कोणी नाही. तुम्ही विम्याच्या तपासणीसाठी आलेले निरीक्षक. हाताशी ६० जणांची यादी, त्यांची रेखाटनं आणि एक घड्याळ. प्रेतापाशी ते उघडलं की आधी शेवटचे काही क्षण कानावर पडतात, मग मृत्यूचा क्षण जागच्या जागी गोठून उभा राहतो आणि तुम्ही त्यात हिंडू शकता. कोण कोणत्या भाषेत ओरडतंय, कोणाच्या अंगावर कसला पोशाख आहे, कोण कोणाच्या जवळ उभं आहे, यावरून नावं लावायची. खलाशांत काही भारतीयही आहेत. तीन जणांची माहिती बरोबर भरली की मगच गेम ती पक्की करतो, त्यामुळे एकेक अंदाज मारून निभाव लागत नाही.

आता यातलं एखादं नाव तुम्ही उत्साहाच्या भरात सांगून टाकलंत, तर समोरच्याच्या हातून एक शोध कायमचा गेला. हा गेम पहिल्यांदा एकदाच खेळता येतो. म्हणून एवढंच सांगा: “एका जहाजावर काय झालं ते तुला शोधायचंय. वही-पेन घेऊन बस आणि यूट्यूबवर काही बघू नकोस.”

‘आउटर वाइल्ड्स’ला तर हा नियम आणखी कडकपणे लावावा. छोटं अंतराळयान, छोटीशी सूर्यमाला, वाटेल तिकडे जा. याहून जास्त मी इथेही लिहिणार नाही. यात नवी शस्त्रं मिळत नाहीत, लेव्हल वाढत नाही. वाढतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. आणि नाव लिहून द्या, कारण त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ‘द आउटर वर्ल्ड्स’ नावाचा अगदी वेगळा, गोळीबाराचा गेमही आला होता.

चित्र बघून सुचवणं

‘रेन वर्ल्ड’मधला पांढरा, मऊ, मांजरासारखा प्राणी बघून लोक तो लहान भावंडांना सुचवतात. प्रत्यक्षात हा गेम निर्दय आहे. तुम्ही खाणाऱ्यांपेक्षा खाल्ले जाणाऱ्यांत जास्त मोडता, पाऊस येण्याआधी आसरा गाठला नाही तर मेलात, आणि सरडे कुठून येतील याचा नेम नाही. मला तो फार थोर गेम वाटतो. पण दिवसभर काम करून थकलेल्या, हरणं सहन न होणाऱ्या माणसाच्या हाती तो देऊ नये. त्याला अॅडम रॉबिन्सन-यूचा ‘अ शॉर्ट हाइक’ द्या. एक पक्षीण डोंगर चढते, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलते, मासे धरते, उंचावरून तरंगत खाली येते. घाई कसलीच नाही.

तासांवर किंमत मोजणं

“दीड-दोन तासांत संपतो, मग एवढे पैसे कशाला?” हा प्रश्न येणारच, म्हणून लांबी आधीच सांगा. टोरोंटोच्या व्हिसाई गेम्सचा ‘वेन्बा’ (२०२३) असाच छोटा आहे. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, आईकडून आलेली पाककृतींची वही, तिची फाटलेली पानं आणि पुसलेली अक्षरं. पहिल्याच प्रकरणात इडलीपात्र रचायचं असतं. मुलं परदेशात वाढताहेत अशा मराठी घरांत तो जरूर सुचवावा; वीस तासांचा असता तर त्याची धार गेली असती.

इथे एक सांगायलाच हवं. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान पैसे परत देतं. ही सोय गेम चालत नसेल किंवा आवडला नसेल तर वापरण्यासाठी आहे. छोटा गेम शेवटपर्यंत खेळून, आवडूनही रिफंड मागणं म्हणजे बनवणाऱ्याच्या पोटावर पाय.

“आपला आहे, घे”

‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला याचा अभिमान मलाही आहे. पण नुसत्या अभिमानावर सुचवलेला गेम लोक उपकार केल्यासारखा खेळतात. त्यात काय आहे ते सांगा: असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून उलगडणारी गोष्ट, भिंतींवर चढत, खांबाभोवती गिरकी घेत केलेली लढाई, राजस्थानी धाटणीचे महाल. उणंही सांगा. पुढे पुढे लढाई तीच ती वाटते. हे ऐकून जो विकत घेतो, तो अर्ध्यावर सोडत नाही.

लॅपटॉप कोणता आणि कंट्रोलर आहे का, हे दोन प्रश्न मात्र न विसरता विचारा. डेमो असेल तर आधी तो खेळायला लावा. आणि गेम सुरू करायचे कोड, म्हणजे ‘की’, स्वस्तात विकणाऱ्या संशयास्पद साइटची लिंक कधीच देऊ नका. तिथल्या काही ‘की’ चोरीच्या कार्डवर घेतलेल्या असतात आणि भुर्दंड बनवणाऱ्यावर पडतो.

मित्र अडकला तर

उत्तर देऊ नका, कुठे बघायचं ते दाखवा. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये यान सारखं आदळत असेल तर ग्रहावर नजर लॉक करून त्याच्याशी वेग जुळवण्याचं बटण असतं, सुरुवातीला वैतागणाऱ्यांपैकी अनेकांना ते सापडलेलंच नसतं. पुढे काय करावं सुचत नसेल तर यानातली नोंदवही उघडायला सांगा. एखाद्या जागी अजून काही शोधायचं राहिलं असेल तर तसं तिथे लिहिलेलं असतं. ‘ओब्रा डिन’मध्ये अडला तर त्याने खात्रीने ओळखलेल्या माणसांपासून परत सुरुवात करायला लावा आणि तोच प्रसंग पुन्हा हिंडून, या वेळी मेलेल्याकडे न बघता आजूबाजूच्यांकडे बघायला सांगा.