गळती शोधताना या चुका टाळा: फोडाफोड सगळ्यात शेवटी

भिंतीवर ओल दिसली की आधी छिन्नी-हातोडा निघतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाणी जिथे दिसतं तिथेच गळत असेल असं नाही. स्लॅबमधून, पाइपच्या अंगावरून ते उतार धरून सरकतं आणि फट सापडेल तिथे बाहेर येतं. म्हणून कुठे गळतंय हे शोधण्याआधी कोणतं पाणी गळतंय ते ठरवा.

ओलीची वेळ न बघणं

वापर असो वा नसो, ओल रात्रंदिवस सारखीच राहत असेल, तर संशय नळाच्या लाइनवर घ्यावा, कारण तिच्यात दाब कायम असतो. आंघोळ किंवा धुणं-भांडी झाल्यावर डाग गडद होतो आणि घर चार दिवस बंद राहिलं की सुकतो, असं असेल तर सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचं, पाणी वाहून जाण्याचं भांडं) किंवा फरशीचे सांधे तपासा. फक्त पावसात उगवणारी ओल बहुधा गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख आणि वेळ लिहा. ओल रेघेबाहेर नेमकी कधी गेली ते कळतं आणि प्लंबरशी हुज्जत वाचते.

कधीकधी गळती नसतेच; हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते. पुसून कोरड्या केलेल्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला आलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतलं.

मीटरची चाचणी अर्धवट करणं

सगळे नळ बंद, तरी मीटर फिरतोय, म्हणजे गळती: हे खरं, पण गच्चीवर टाकी असेल तर घाई नको. टाकी भरत असेल तर मीटर फिरणारच, आणि टाकी भरून बॉल कॉक बंद झाला की घरात गळती असूनही तो काही वेळ स्थिर दिसू शकतो. म्हणून दोन भाग वेगळे तपासा. टाकीत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघितला की मीटर ते टाकी हा भाग कळतो. मग तो व्हॉल्व्ह बंदच ठेवून रात्री टाकीच्या आत पातळीची खूण करा, सकाळी वापरापूर्वी बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीतून खाली जाणारे व्हॉल्व्हही बंद करा. तरीही उतरली तर टाकीच गळतेय. नाही तर एकेक व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोणती लाइन ते शोधा.

फ्लश टँक विसरणं

इथली गळती आवाज करत नाही, फरशी भिजवत नाही, त्यामुळे महिनोन्महिने चालते. टँकमध्ये खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं किंवा पाणी ओव्हरफ्लो नळीतून जातंय. दुसऱ्या बाबतीत फ्लोट थोडा खाली घेतला की काम होतं. ठिबकणारा नळही क्षुल्लक समजू नका. खाली भांडं ठेवून मोजा: तासाला 200 मिली म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच लिटर.

बाथरूममध्ये नुसतं पाणी ओतून बघणं

ओतलेलं पाणी फरशीवरूनही जातं आणि ट्रॅपमधूनही, मग दोष कुणाचा? ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा आणि काही तास थांबा. याच वेळी खाली ओल वाढली तर फरशी. वाढली नाही, पण पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा पुढचा पाइप. आधी खालच्या मजल्यावर कल्पना द्या. ओल स्विचबोर्डजवळ किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ असेल तर ही चाचणी करू नका. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्लास्टिकच्या आट्यांवर पान्याचा जोर काढू नका. जोडणी तडकते आणि ठिबकण्याची धार होते. आटे पुसून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा.

लगेच रंग मारणं

गळती थांबली तरी भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात. डाग दिसतोय म्हणून दुरुस्ती फसली असं समजू नका. ओलसर प्लास्टरवर वॉटरप्रूफ रंग चढवला की आतली ओल आणि क्षार त्याला मागून ढकलतात, आणि नव्या रंगाचेही पोपडे निघतात.