संक्रांतीनंतरचा रविवार: मांजा गोळा करा

नागपुरात ‘ओ काट’चा गलका थांबला की मांजा झाडांवर आणि कुंपणांवर लोंबकळत राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी सापडतो तोच जास्त. संक्रांतीनंतरच्या रविवारी गल्लीतल्या पोरांचे दोन गट पाडा, प्रत्येक गटात एक मोठं माणूस. साध्या दोऱ्याला एक गुण, नायलॉनला तीन. (ताणला की लांबतो, तो नायलॉन. हे मात्र मोठ्यांनीच तपासावं.)

हातात स्कूटरचे जाड हातमोजे घाला. मांजा ओढू नका, हात कापतो. कात्रीने तोडत पुठ्ठ्यावर गुंडाळा. उंचावरचा मोठ्यांनी आकडीने काढावा. विजेच्या तारेवरच्याला हातच लावायचा नाही, महावितरणला कळवायचं. गच्चीवर चढणंही बाद.

शेवटी सगळा मांजा बोटभर तुकड्यांत कापून बंद पिशवीत भरा. अख्खा गुंडा कचऱ्यात टाकला तर गायी-कुत्र्यांच्या पायात अडकतो. नायलॉन जाळू नका. अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका. पक्ष्याजवळ कापून, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी पशुपक्ष्यांवर उपचार करणारं केंद्र) न्या. जिंकलेल्या गटाला तर्री-पोहे, हरलेल्यांनाही द्यावेच लागतात म्हणा.