बेरिंबावच्या पायाशी: गोव्यात कापोएरा शिकू पाहणाऱ्यांसाठी

कापोएरा, म्हणजे संगीताच्या तालावर दोघांनी खेळायचा ब्राझीलचा लढाऊ खेळ. त्याच्या पहिल्या वर्गात मला जवळजवळ तासभर टाळ्या वाजवायला लावले होते. तीन टाळ्या, चौथ्या मात्रेला विसावा, पुन्हा तीन टाळ्या, आणि त्याबरोबर शिक्षकांनी गायलेली ओळ सर्वांनी मिळून परत म्हणायची. फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर मी लहानपणापासून देवळातील भजनाला बसत आले आहे; बुवा ओळ टाकतात, मागची मंडळी ती उचलतात आणि लय वाढत गेली की अंग आपोआप डोलू लागते, हे मला परके नव्हते. माझ्याबरोबर आलेली तरुण मुले मात्र हवेत कोलांट्या मारायला मिळतील या आशेने आली होती, आणि महिनाभरात त्यांतील बहुतेक येईनाशी झाली. मी टिकले त्याचे श्रेय मी त्या टाळ्यांना देते. गेली सात वर्षे मी हा खेळ मनापासून खेळत आहे, आणि नवीन येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच की पायांच्या आधी कान तयार करावेत.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. माणसांच्या वर्तुळाला ‘होदा’ म्हणतात, आणि त्यात दोघे जण समोरासमोर उतरतात ते बेरिंबाव या एकतारी धनुष्यवाद्याच्या पायाशी उकिडवे बसून, एकमेकांच्या हातात हात देऊन. खेळ संथ असावा की वेगवान, जमिनीलगत असावा की उभ्याने, तो कधी थांबवावा, हे सारे बेरिंबाव सांगते. ‘आंगोला’ नावाच्या चालीत दोन घरघरत्या आघातांनंतर आधी खालचा आणि मग वरचा स्वर येतो. तेच दोन स्वर उलटे वाजवले की ‘सांव बेंतो पेकेनो’ ही वेगळी चाल होते. ज्याला हा फरक ऐकू येत नाही, त्याची लाथ कितीही उंच जात असली तरी तो वर्तुळात चुकीचा खेळ खेळत राहतो.

कापोएराचा इतिहास गोमंतकीयांनी विशेष आस्थेने वाचावा असे मला वाटते. ज्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलचा काजू आपल्याकडे आला, त्यांनीच आफ्रिकेतील आंगोला आणि आसपासच्या प्रदेशांतील माणसे गुलाम म्हणून ब्राझीलला नेली आणि मोझांबिकमधील माणसे गोव्यात आणली. ब्राझीलमध्ये त्या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी कापोएरा घडवला. तेथे गुलामगिरी 1888 मध्ये संपली, पण 1890 च्या दंडसंहितेने कापोएरा खेळणे हाच गुन्हा ठरवला. घोडेस्वार पोलीस येत असल्याचा इशारा देणारी ‘काव्हालारिया’ ही बेरिंबावची चाल आजही शिकवली जाते. साल्व्हादोर शहरात मेस्त्री बिंबा यांनी 1932 मध्ये आपली शाळा उघडली आणि ‘रेजिओनाल’ या नावाने ओळखली जाणारी शैली उभी केली, तर मेस्त्री पास्तिन्या यांनी 1941 मध्ये जुन्या ‘आंगोला’ शैलीसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. 2014 मध्ये युनेस्कोने होदाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपण सुताराला किंवा गवंड्याला ज्या शब्दाने हाक मारतो तो ‘मेस्त्री’ आणि या गुरूंच्या नावामागचा ‘मेस्त्री’ हा एकच पोर्तुगीज शब्द आहे, हे कळले त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

शैली कोणती निवडावी, असे मला नेहमी विचारले जाते. रेजिओनालमध्ये सुरुवातीच्या विद्यार्थ्याला बिंबांनी बांधलेले जोडीने करायचे क्रम मिळतात, त्यामुळे हल्ला आणि बचाव यांचे व्याकरण लवकर कळते. आंगोलात खेळ जमिनीजवळ, संथ आणि डावपेचांचा असतो, आणि वाद्यांचा संचही मोठा म्हणजे तीन बेरिंबावांचा असतो. माझा ओढा आंगोलाकडे आहे, हे मी लपवत नाही. तरीही शैलीपेक्षा शिक्षक पाहावा. तुम्ही कोणाचे शिष्य, असे विनयाने विचारावे. परंपरेतून आलेला शिक्षक आपल्या गुरूचे नाव अभिमानाने सांगतो. कमरेच्या दोरीचा रंग पाहून मात्र कोणाची पातळी ठरवू नये, कारण रंगांचा क्रम प्रत्येक गटाचा वेगळा असतो आणि आंगोलाच्या बहुतेक गटांत दोरीच नसते. मी आरंभी काही महिने एका अशा वर्गात घालवले जिथे वाद्य कधी बाहेरच निघाले नाही. तिथे मी जे शिकले ते व्यायाम म्हणून चांगले होते, पण कापोएरा म्हणून मला ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

शरीराच्या बाबतीत घाई अजिबात करू नये. ‘जिंगा’ ही मागे-पुढे झुलणारी मूळ चाल दिसायला सोपी, परंतु गुडघे वाकलेले, एक हात सतत चेहऱ्यासमोर आणि नजर समोरच्यावर, हे सारे एकत्र टिकवायला मला वर्ष लागले. त्यानंतर ‘इस्कीवा’, म्हणजे लाथ अडवण्याऐवजी तिच्याखालून निसटणे, आणि मगच वळून मारायच्या लाथा. हातांवर उलटे होऊन जाण्याची ‘आऊ’ मी मनगटे तयार नसताना दिवसाला पन्नास-पन्नास वेळा केली आणि उजवे मनगट दोन महिने बांधून ठेवावे लागले. तेव्हापासून मी रोज सकाळी दहा मिनिटे ओणवी होऊन तळहातांवर हळूहळू भार घेते, आणि नवोदितांनी पहिल्या दिवसापासून तेच करावे.

गोव्यात सरावाची जागा ऋतूप्रमाणे बदलावी लागते. किनाऱ्यावरील काही वर्ग पर्यटनाच्या हंगामापुरते चालतात, म्हणून पावसाळ्यात सराव कोणाबरोबर करणार हे आधीच ठरवून ठेवावे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि वळताना गुडघा पिरगळतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू मात्र उत्तम. जून ते सप्टेंबर आम्ही चौघीजणी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, खेळतो. तेथील लादी दमट हवेत निसरडी होते, तेव्हा ती आधी कोरड्या फडक्याने पुसून घेणे हाही सरावाचाच भाग समजतो.

बेरिंबाव मात्र लवकर हाती घ्यावे. ब्राझीलमध्ये त्यासाठी बिरिबा नावाच्या झाडाची काठी वापरतात. माझे पहिले बेरिंबाव आमच्या कुळागरातील (सुपारीच्या बागेतील) बांबूचे, सुकवलेल्या कडू भोपळ्याचे आणि पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या टायरातील तारेचे होते. वाद्याचा सगळा भार डाव्या हाताच्या करंगळीवर येतो, त्यामुळे पहिले काही आठवडे ती ठणकते. दिवसाला पाच मिनिटांनी सुरुवात करावी आणि वाजवून झाल्यावर तार नेहमी सैल करून ठेवावी, नाहीतर काठीचा ताण कायमचा जातो.

गाण्यांचे शब्दही समजून म्हणावेत. शेजारच्या काकांचे शिक्षण पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज शाळेत झाले. मी ओळी उतरवून नेते आणि ते त्यांचा अर्थ लावून देतात. आंगोला शैलीच्या खेळाच्या आरंभी एकट्याने गायच्या गीताला ‘लादाइन्या’ म्हणतात, असे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाय, ही तर आपली लादाईन. मे महिन्यात त्या खुरसाकडे म्हणतात ती.” ते म्हणत होते ती क्रूसापुढची ख्रिस्ती प्रार्थना. खेळातील लादाइन्या संपेपर्यंत दोन्ही खेळाडूंनी बेरिंबावच्या पायाशी स्तब्ध बसायचे असते. गेल्या चतुर्थीला काकांचा नातू आमच्या अंगणात घुमट हे मातीचे चर्मवाद्य घेऊन आला आणि मी प्रथमच घरच्या माणसांसमोर लादाइन्या गायले. आई ओसरीवर भाजी निवडत बसली होती. ती संपून समूहाची ओळ आली तेव्हा तिने विळी बाजूला ठेवली आणि तीन टाळ्या अचूक दिल्या.